पांढरी चारचा पियानो

१९ जानेवारी १९६४, रविवार

जेरोम आला. कोर्लईहून खाडीच्या तरीत बसून रेवदंडा, तिथून चालत चौल. म्हणजे पायात दम आहे अजून. मुंबईच्या हॉटेलातलं पियानो वाजवायचं काम गेलं म्हणे. सोडलंस की सुटलं, विचारलं. हसला.

"मॅनेजर म्हणाला, लोक जेवतात तेव्हा ओळखीचं काहीतरी वाजव. मी म्हटलं, ढेकरांना साथ करायला नाही शिकलो मी."

पंधरा वर्षं वाजवतोय पोर. पोर कसलं, अडतीस पुरी होतील. लहानपणापासून दुकानात येणारा, मला आपलं पोरच.

खरी बातमी पुढेच. एक रेकॉर्ड कंपनी त्याची लाँग प्ले तबकडी काढणार! त्याच्या स्वतःच्या चाली, गाणारं कोणी नाही. तिघंच जण. हा पियानोवर, रेवदंड्याचे एलिजा मास्तर त्या माणसाएवढ्या, सारंगीसारख्या बासवर, आणि ह्याचा मेहुणा पास्कू ड्रमवर. जाझ म्हणतात त्या प्रकाराला. मुंबईतल्या रेकॉर्डिंगच्या खोल्या सिनेमावाल्यांनी अडवलेल्या, म्हणून अलिबागेला धनबाईंच्या बंगल्यातल्या पियानोवर करायचं. कंपनी माणूस आणि मशीन पाठवील. एका दिवसापुरतं.

मग जरा चुळबुळला. तो पियानो तीन वर्षं कोणी लावलेला नाही. मुंबईहून येणारा म्हातारा वारला. "तात्या, तुम्ही लावाल?"

मी पेटीवाला. चाळीस वर्षं भाते शिवतोय, रीड कानसतोय. कोणाकडे शिकलो नाही. पहिली पेटी उघडली ती आत उंदीर मेला होता म्हणून. पियानोचं झाकण उघडून कधी पाहिलेलं नाही.

हो म्हटलं.

सौ. आतून: "अहो, पोहता येत नाही नि विहिरीत उडी?"

२१ जाने.

दिवस ठरवायला तिघं जमले दुकानात. अर्धा तास हसण्यात गेला. शनिवारी एलिजा मास्तर नाहीत, ते यहुदी, त्यांचा शब्बाथ, विसाव्याचा वार. रविवारी जे. आणि पास्कू नाहीत, त्यांची चर्चमधली मिस्सा. आणि १२ फेब्रुवारीच्या बुधवारपासून कोर्लईत ईस्टरपर्यंत उपासाचे चाळीस दिवस, वाद्याला हात नाही. पास्कूची आई ड्रमवर चादर घालून वर जपमाळ ठेवते म्हणे. कंपनीचा माणूस त्याआधी एकच मंगळवार मोकळा, ईस्टरनंतर मुळीच नाही. उरला मंगळवार ११ फेब्रुवारी. एकच.

मास्तर म्हणाले, "आपल्या देवांनी आपसात बोलून हा एक दिवस सोडलाय. त्या दिवशी कोणी आजारी पडायचं नाही."

सरावाला मास्तर आपला बास तरीत घालून पलीकडे नेतात. वर गोधडी गुंडाळलेली. तरीवरच्या कोळ्याने विचारलं, "मास्तर, मयत कोनाची हाय?" मास्तर: "सासूची. हळू धर, उठंल."

कोर्लईत पियानो कुठला. जे. जेवायच्या टेबलावर बोटं आपटतो आणि तोंडाने चाल म्हणतो. दोघं त्यावर वाजवतात. मी पाहिलं. टेबल वाजत नाही, पण ऐकू येतं. देवाशपथ.

२७ जाने., सोमवार

अलिबाग. धनबाई म्हणजे ऐंशीच्या घरातल्या पारशीण बाई, एकट्या राहतात. पियानो जर्मनीचा, खाटेएवढा, काळा. झाकण उघडलं तर आत दोनशेवर तारा. दोन तारा तुटलेल्या, खुंट्यांवर खाऱ्या हवेचा गंज, एका कोपऱ्यात पालीची अंडी.

खुंट्या मात्र पाहून जीव थोडा थाऱ्यावर आला. तंबोऱ्याला असतात तशाच. खुंटी पिळा, तार चढते. बसायच्या बाकाच्या पोटात त्या वारलेल्या म्हाताऱ्याची चावी मिळाली. हातात बसली. त्याला मनोमन नमस्कार केला.

एकेका सुराला तीन तीन तारा. एक लावायची तर बाकी दोघींचं तोंड बंद हवं. जुन्या चपलेच्या रबराच्या पाचरी कापल्या. छान चालतात.

२९ जाने.

दिवसभर अकरा सूर झाले. मान आखडली. धनबाईंनी पुदिन्याचा चहा दिला. म्हणाल्या, "तात्या, ए पियानो माझ्या लग्नाचा. वर बी असाच हट्टी होता."

४ फेब्रु., मंगळवार

झालं. सहा दिवस लागले.

सा पांढरी चारला, म्हणजे चौथ्या पांढऱ्या पट्टीवर धरला, आपल्या भजनी मंडळाच्या पेट्यांना धरतो तसा. मग एकेक सूर त्याच्या त्याच्या जागी बसवला. तंबोरा जुळला की कोणी न छेडता जो गंधार आपसूक उमटतो, तोच गंधार ह्यात आणला. पंचम असा की लावल्यावर तारांच्या आवाजातली थरथरच थांबली. धनबाई आराम खुर्चीत होत्या, उठून बसल्या. "एवढा वर्ष मी ए पियानो ऐकते, असा कदी बोलला नव्हता."

फुशारकी नाही. पण घरी येताना एसटीत एकटाच हसत होतो.

१० फेब्रु., सोमवार

लिहू की नको. लिहितो.

तिघं आले, उद्याची तयारी करायला. जे. बसला, बोटं टेकली. आधी हळू वाजवलं, चेहरा फुलला. मग त्याची ती मोठी चाल घेतली, 'खाडी' नावाची. ती पांढरी चारवरून निघते आणि मध्येच पांढरी सातवर जाते. तिथे गेला मात्र, आणि पियानो कुत्र्यासारखा भुंकला.

जे. थांबला. पुन्हा तेच. पुन्हा भुंकला.

"तात्या. हे काय केलंत?"

मला कळेना. सूर तर सूर आहे! मग त्याने शांतपणे सांगितलं, रागावला असता तर बरं वाटलं असतं. पेटीवर भजन एकाच पट्टीत होतं, सा बदलत नाही. पियानोला बारा घरी, बाराही पट्ट्यांत, संसार करायचा असतो. म्हणून प्रत्येक सूर केसभर खोटा लावतात, थोडा चढा, थोडा उतरा. मग कुठूनही उचला, चालतं. "तुम्ही एका घराला सगळं सोनं घातलंत, तात्या. बाकीची उघडी."

हा पियानोचा रिवाज. मला माहीत नव्हता आणि मी विचारलं नाही. चाळीस वर्षांत कोणाला विचारायची सवयच लागली नाही, त्याचं फळ.

तरी तोंडातून गेलंच, "मुद्दाम खोटं लावायचं? ते मला येत नाही बाबा."

पास्कू म्हणाला, "आता काय? मुंबईचा मानूस बोलवा." पण उद्याच मंगळवार. सहा दिवसांचं काम एका रात्रीत कोण करील. आणि बुधवारपासून चादर.

मी म्हटलं, पोरा, माझ्यामुळे तुझं... धनबाईंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभा राहिलो.

तिथून ऐकतोय. जे. पांढरी चारवर तीन सुरांची एकच पकड दाबून बसला होता. सोडेना. तार विझेपर्यंत. मग परत. मग पांढरी सातवर गेला, भुंकवलं, आणि परत चारवर आला. तसं तीनदा. चौथ्यांदा परत आला तेव्हा माझ्या अंगावर काटा. उन्हातून घरात आल्यासारखं.

मास्तरांचा आवाज: "माझं काय विचारतोस? माझ्या बासला पडदे नाहीत. तू जिथे जाशील तिथे बोट सरकवतो."

पास्कू: "ढोलाला सूर कसला? भुंकलं का मी बी भुंकीन."

जे.ने हाक मारली. "तात्या, बाहेर या. सगळ्या चाली परत मांडतोय. जिथे गोड आहे तिथे गोड. जिथे भुंकतो तिथे लपवायचं नाही, मुद्दाम जायचं."

संध्याकाळपर्यंत मांडत होते. मी नुसता बसून.

११ फेब्रु., मंगळवार

कंपनीचे रुस्तमजी सकाळच्या लाँचने. मशीन दोन हमालांनी आणलं. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, समुद्राचा आवाज नको म्हणून. जे.ने नुसता हात फिरवला, आणि रुस्तमजींनी कानावरचं यंत्र काढलं.

"जेरोमभाय, आ पियानो बराबर नथी."

"माहीत आहे."

"मग?"

"मग तुम्ही मशीन चालू करा."

माझ्याकडे कोणी बघितलं नाही. बोट दाखवलं नाही. मी दारामागे.

काय वाजवलं ते मला नीट सांगता येणार नाही. आपल्याकडे सम येते आणि सगळे मान हलवतात. ह्यांची सम येतच नाही, असं आधी वाटायचं. पास्कू ठेका धरत नाही, वाद घालतो. मास्तर खालून काहीतरी वेगळंच सांगतात, म्हातारा माणूस ओटीवरून बोलतो तसं. आज कळलं, सम तिघांच्या पोटात असते, उघडी करत नाहीत.

'खाडी' तिसऱ्यांदा वाजवली ती ठेवली. भुंकण्याच्या जागी जे. थांबला नाही, उलट हातोड्यासारखा मारत सुटला, पास्कूने झांजा फोडल्या, वाटलं, खाडीतली तर उलटली. आणि मग चारवर परत. हळू. नुसता सा आणि गंधार.

टेप गुंडाळताना रुस्तमजींचे हात सावकाश चालत होते.

१२ फेब्रु.

कोर्लईत चादर पडली. मीही आज दुकान उघडलं नाही.

२ मार्च, सोमवार

कंपनीचं पत्र जे.च्या हातात, जे. माझ्या दारात. इंग्रजी, मास्तरांनी वाचून दाखवलं. पियानो सुरात नाही, त्यामुळे तबकडी काढता येत नाही, कंपनीच्या नावाला बाधा येईल. मुंबईला येऊन कंपनीच्या पियानोवर पुन्हा वाजवावं, नाहीतर करार रद्द समजावा.

जे. म्हणाला, "पुन्हा वाजवणार नाही."

मी: "अरे वाजव की. जा. तुझी तबकडी निघू दे."

"ती चाल आता त्या पियानोचीच झाली, तात्या. दुसऱ्यावर वाजवली तर खाडीच राहणार नाही, नळाचं पाणी."

आणि कोणी विचारलं तर चूक माझी आहे हे सांगायला मी तयार आहे. हे त्याला सांगितलं. ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

५ मार्च, गुरुवार

दत्ताच्या देवळात भजन. बातमी माझ्याआधी डोंगर चढून बसलेली. पखवाजवाला गणपत म्हणतो, "तात्या, साहेबाचं वाद्य नासवलंस म्हणे?" दुसरा: "नाचता येईना, अंगण वाकडं." तिसऱ्याने अलिबागेच्या दुकानदाराला पेटी दुरुस्तीला दिली, हे मला ऐकू जाईल अशा बेताने सांगितलं.

ह्याच लोकांच्या पेट्या मी लावतो, त्याच पट्टीत, त्याच सुरात, आणि त्याच सुरावर हे डोळे मिटून रडतात! पियानोत गेला म्हणून सूर बाटला?

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "तुम्ही चुकलात का?"

"रिवाजात चुकलो."

"आणि सुरात?"

"सुरात नाही."

"मग जेवा."

९ मार्च

रात्रभर तरी विचार चालूच, मुंबईला जाऊन पुन्हा वाजव असं त्याला बजावायचं की नाही. स्वतःशी खोटं नको. माझा मान एका पारड्यात, पोराची पंधरा वर्षं दुसऱ्यात. पारडं कुठे झुकतं हे काय शाळेत शिकावं लागतं?

१७ मार्च, मंगळवार

रुस्तमजींनी कंपनीला न सांगता नमुन्याची एक तबकडी पाठवली, एका बाजूची. धनबाईंच्या ग्रामोफोनवर लावली. आम्ही चौघं आणि त्या.

आपण केलेलं काम बाहेरून ऐकायचं म्हणजे... मुलीला सासरी जाऊन भेटण्यासारखं. आपलीच, पण आता तिची तिची.

भुंकण्याच्या जागी मास्तर डोळे मिटून होते. पास्कूने पहिल्यांदाच टोपी काढली. संपल्यावर धनबाई म्हणाल्या, "डीकरा, कोण बोलते खराब आहे? माझा भाचा मुंबईचा ट्यूनर घेऊन येतो म्हणून बसलाय. मी सांगितला, या फाटकात पाय नाय टाकायचा."

तबकडीबरोबर रुस्तमजींची चिठ्ठी होती, मास्तरांनी वाचली. 'मी वीस वर्षं सुरात लावलेले पियानो ऐकतोय. हा पहिला, ज्याला काही सांगायचं आहे.'

चिठ्ठी जे.ने माझ्या खिशात कोंबली.

२३ मार्च, सोमवार

आता खरी गाठ.

कंपनीचा दुसरा कागद, ह्या वेळी माझ्या नावाने. चौलच्या पेटीवाल्याला मुंबईहून रजिस्टर, पोस्टमन दारात उभं राहून नाव मोठ्याने वाचत होता. मास्तरांकडे नेलं.

कंपनीतल्या कोणाला तरी वाजवणं आवडलं आहे. तबकडी आहे तशी निघू शकते, पुन्हा वाजवायला नको. अट एक. पाठीमागे छापायचं: अननुभवी स्थानिक माणसाने अज्ञानामुळे पियानो बिघडवल्याने सूर सदोष आहेत, कंपनी दिलगीर आहे. तसं मी लेखी कबूल करावं. खाली रेघ आखून दिली आहे सहीला.

मास्तरांनी चष्मा काढला. "सही केली की तबकडी निघते. नाही केली तर नाही. असं साधं आहे."

मी म्हटलं, दौत द्या.

मास्तर: "आज नाही देणार. शाळामास्तर आहे, घाईत लिहिलेलं मी तपासत नाही."

२४ मार्च

जे.ला सांगितलं. सांगायला नको होतं बहुतेक. रेवदंड्याच्या धक्क्यावर भर बाजारात माझ्यावर ओरडला. कधी ओरडला नव्हता.

"सदोष? सही कराल? मग मी काय वाजवलं? बिघाड वाजवला?"

"अरे, माझ्या नावाचं काय मोठंसं! चौलच्या बाहेर कुत्रं ओळखत नाही मला. एका ओळीने तुझं आयुष्य मार्गी लागत असेल तर लागू दे. म्हातारा माणूस, दोन दिवस हसतील."

"तुम्हाला हसतील तेव्हा मला हसतील. तुम्ही सही करा, मी ती तबकडी खाडीत फेकीन."

"आणि नाही केली तर ती निघणारच नाही!"

"नको निघू दे."

"पंधरा वर्षं, जेरोम."

खाडीची तर आली, तो बसला, वळून बघितलं नाही. तरीवरचा तो कोळी मला म्हणाला, "तात्या, पोरगा रडतो काय?" वाऱ्याने रे, म्हटलं.

दोघं हट्टी. सौ. म्हणते, एकाच लाकडाचे.

२६ मार्च, गुरुवार

कोर्लईत आज ईस्टरआधीचा मोठा गुरुवार, घंटाही वाजत नाहीत. इकडेही वारा पडलेला.

सकाळी कागद समोर घेऊन बसलो. सही करायची हे ठरवून. मास्तरांनी मराठीत करून दिलेली ती ओळ दहादा डोळ्यांखालून घातली. 'अज्ञानामुळे', हे बरोबर. मला माहीत नव्हतं. 'स्थानिक', बरोबर. चौलचा आहे, अभिमान आहे. 'अननुभवी', चाळीस वर्षं झाली, पण पियानोत अननुभवी, तेही कबूल. 'बिघडवल्याने'...

तिथे टाक अडला.

मी पियानो बिघडवला नाही. मला लावायला दिला, मी लावला. माझ्या कानाला जे सर्वांत खरं ते त्यात घातलं, सहा दिवस, मान आखडेपर्यंत. कोणासाठीही मी असं लिहून देऊ शकत नाही. जेरोमसाठीसुद्धा नाही. आणि गंमत म्हणजे हे त्याने आधीच ओळखलं होतं, मला आज कळलं. सदुसष्टाव्या वर्षी अक्कलदाढ.

त्यांचा कागद बाजूला ठेवला. आपला घेतला. मराठीत लिहिलं, मास्तरांनी खाली इंग्रजी केलं. इथे उतरून ठेवतो:

'मी चौल येथे पेट्या दुरुस्त करतो. पियानो मी लावला. पियानो कसा लावतात हा रिवाज मला ठाऊक नव्हता व मी कोणास विचारले नाही, ही माझी चूक. ती छापावी, माझ्या नावासकट छापावी. परंतु सूर चुकलेले नाहीत. ते जिथे असतात तिथेच आहेत. वाजवणाऱ्याने ते ओळखून, समजून वाजवले आहे. त्यात दोष नाही व त्याबद्दल कोणी दिलगीर होण्याचे कारण नाही. ही ओळही छापावी. एक छापून दुसरी गाळायची असेल तर दोन्ही गाळाव्या.'

मास्तर म्हणाले, "शेवटचं वाक्य जरा मऊ करू या? 'कृपया' घालू?"

"कृपया घाला. मऊ करू नका."

मास्तरांनी हसत हसत 'कृपया' घातलं. सही केली. माझी सही म्हणजे पेटीच्या आत कोरतो तीच, नावाचं पहिलं अक्षर आणि एक रेघ.

रजिस्टर केलं.

२९ मार्च, ईस्टर

पास्कूच्या आईने ड्रमवरची चादर काढली. कोर्लईला गेलो, सौ.ही आली, तरीत पदर घट्ट धरून. जे. दारातच होता. मी काय पाठवलं ते मास्तरांकडून त्याला कळलेलं. पाया पडायला वाकला. मी धरला. त्याच्या आईने गोड पाव आणि मटण वाढलं, सौ.ला वेगळी भाजी केली होती, आठवणीने.

जेवल्यावर टेबल पुसून जे.ने त्यावर 'खाडी' वाजवली, बोटांनी. पास्कूने ताटावर. भुंकण्याच्या जागी सगळी पोरं भुंकली. मास्तर हसता हसता खोकू लागले.

८ एप्रिल

उत्तर नाही.

गणपत पखवाजवाला दुकानात. इकडचं तिकडचं. मग, "कंपनीला उलट लिहिलंस म्हणे?" म्हटलं, सुलट लिहिलं. त्यांना उलट दिसलं तर आरसा त्यांचा.

गेला. मंडळाची पेटी काही दिली नाही त्याने.

१२ एप्रिल, रविवार

रुस्तमजींचं कार्ड. माझा कागद साहेबांच्या टेबलावर आहे, खोलीत दोन तट पडलेत. एक तट म्हणतो खेडवळ माणसाचा उद्धटपणा. दुसरा म्हणतो, हाच छापा. रुस्तमजी कोणत्या तटात ते लिहिलेलं नाही. लिहायची गरज नाही.

जे.ला दुसऱ्या एका हॉटेलाने बोलावलं होतं, रोज संध्याकाळी, ओळखीचं वाजवायला. नाही म्हणून आला. आता काय खाणार, विचारलं. "बांगडे. स्वस्त आहेत." त्याचा भाचा होडीवर जातो त्याच्याबरोबर जाळी ओढतोय सध्या. बोटांची काळजी घे, म्हटलं. म्हणाला, बोटांना काम लागतं, कोणतंही.

त्याच्या आईचं तोंड आठवलं. माझ्या कागदाने हे केलं, हेही लिहून ठेवतो. पश्चात्ताप म्हणून नाही. लक्षात असावं म्हणून.

१७ एप्रिल, शुक्रवार

तार! मास्तर शाळा सोडून तार घेऊन धावत आले, पोस्टमनच्या पुढे. मजकूर एवढाच: सोमवारी अकरा वाजता तिघांनी कंपनीत यावं. पियानो लावणाऱ्यासही आणावं.

का, ते नाही.

जे. म्हणतो, करार फाडायला बोलावतायत. तोंडावर फाडायची हौस असते काहींना. मास्तर म्हणतात, फाडायला चौघं कशाला, एक पुरे. पास्कू म्हणतो, तात्याला बगायचा असंल, कोन हा मानूस. सौ. म्हणते, त्यांच्या पियानोवर बसवून तुमच्याकडून पुन्हा लावून घेतील, आणि परीक्षा बघतील.

घेऊ देत. मी सांगणार, सहा दिवस लागतील, पुदिन्याचा चहा लागेल.

आणि 'बिघडवला' लिहून द्या म्हणाले तर? जे.ने विचारलं हे, माझ्याकडे न बघता.

म्हटलं, अरे, मुंबईपर्यंत लाँचने जायचं ते नाही म्हणायला, हे मला परवडेल.

१९ एप्रिल, रविवार

दुपारी मिस्सा आटोपून दोघं आले, मास्तर आधीच हजर. बास गोधडीत. मुक्काम मास्तरांच्या बहिणीकडे, भायखळ्याला. रेवसला जाणाऱ्या एसटीवर बास चढवताना कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं तिकीट. मास्तर म्हणाले, पूर्ण घ्या, वयाने माझ्याहून मोठा आहे.

एसटीत खिडकीशी जे. बसलाय. मांडीवर बोटं चालू आहेत. ओळखली मी चाल. पांढरी सातवर आहे.

रेवसला पोचलो, मुंबईची लाँच सुटायला वेळ आहे. उद्या ह्या वेळेपर्यंत जे व्हायचं ते झालेलं असेल. मी आपला हात धुऊन, पान लावून धक्क्यावर बसलोय. जे. येऊन शेजारी बसला. म्हणाला, "तात्या, भांडायचं की वाजवायचं?"

"आधी ऐकू. मग त्यांना ऐकवू."

लाँच लागली. चौघांची जागा पुढे धरली आहे पास्कूने, बासची पाचवी.